मुंग्या गेल्या, बिघाड लपला

गच्चीवर अँटेना होता तोवर औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात टीव्हीचा बिघाड घरातल्या कोणालाही ओळखता येई. पडद्यावर मुंग्या आल्या की एकानं वर जाऊन दांडी फिरवायची, दुसऱ्यानं खालून ‘आलं, आलं’ ओरडायचं. चित्र किती सुधारलं त्यावरून हात कुठं थांबवायचा ते कळे. पुढं केबल आली, तरी सैल जोड पडद्यावर दिसायचाच. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती आणि त्या यादीत तेव्हाचं औरंगाबाद होतं. मुंग्या तेव्हा गेल्या, पण नव्या जातीचा बिघाड त्याआधीच आला होता, गेम कन्सोलच्या वाटेनं. संगणकातला सिनेमा घरच्या नेटवर्कवरून प्लेस्टेशन ३ वर पाहण्याची सोय मे २००७ च्या सॉफ्टवेअर सुधारणेनं दिली. ती वापरताना लोक अडले ते तंत्र अवघड म्हणून नव्हे. बिघाड आपलं रूप दाखवेनासा झाला, म्हणून. ज्ञानाची वाण होती असंही म्हणता येत नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उस्मानपुऱ्यातच आहे.

कन्सोल २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर हाक मारतो आणि संगणकावरचा मीडिया सर्व्हर ओ देतो. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नं फायरवॉल आपोआप चालू केली. ती ही हाक अडवू शके. राउटरही अडवू शके, किंवा सर्व्हरच बंद असे. तिन्ही वेळा पडद्यावर एकच गोष्ट दिसे: यादीत संगणक नाही. अर्धवट सुधारणा नसल्यानं हात कुठं वळवायचा ते कळेना. मग एकेक संशयित वगळणं एवढाच मार्ग उरला. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आहेत का पाहा, फायरवॉलमध्ये सर्व्हरला परवानगी द्या, आधी एखादा साधा फोटो उघडून बघा, मग सिनेमा. चित्र अडखळत येतं, तो बिघाड दिसतोच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे; तिथं वाय-फायऐवजी तार जोडली की उलगडा होतो. मुंग्यांच्या कुळातला तेवढा एकच उरला होता.

मग प्रमाणीकरण कशासाठी होतं, हा आक्षेप अधिक वजनदार. सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदींनी २००३ मध्ये उभ्या केलेल्या संघटनेतून डीएलएनए हे मानक आलं. पण घरगुती उपकरणांना त्यात सक्तीचे प्रकार मोजकेच होते: फोटोंसाठी जेपेग, आवाजासाठी एलपीसीएम, व्हिडिओसाठी एमपेग-२. डाउनलोड केलेल्या सिनेमाची एमकेव्ही फाइल त्यात बसत नव्हती, म्हणून पीएस३ मीडिया सर्व्हरसारखे प्रोग्रॅम ती चालता चालता दुसऱ्या प्रकारात बदलत आणि जुना संगणक त्यात दमे. शिक्का होता, हमी नव्हती. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ या सोयीविनाच बाजारात आला. मीडिया प्लेअर त्यात २०१५ मध्ये आला. डीएलएनए संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली. तोवर सिनेमा घरच्या संगणकातून कंपन्यांच्या सर्व्हरवर जाऊ लागला होता, आणि तपासायला घरात राउटरखेरीज फारसं काही उरलं नव्हतं.