पॉवर स्टिअरिंग : दोषनिदान आणि दोषनिवारण

चालकाने स्टिअरिंगवर लावलेल्या बलात बाह्य ऊर्जेने भर घालणारी यंत्रणा म्हणजे पॉवर स्टिअरिंग. प्रचलित मोटारींत ही यंत्रणा चाके स्वतः वळवत नाही. ते कार्य स्टिअरिंगचा दांडा, पिनियन, रॅक आणि टाय रॉड यांची यांत्रिक साखळी करते. साहाय्य बंद पडले तरी ही साखळी अभंग राहते. स्टिअरिंग जड होते, पण वळते. यावरून दोषांचे दोन वर्ग पडतात : साहाय्यदोष आणि साखळीतील यांत्रिक दोष.

चालकाला जाणवते ते लक्षण आणि भागात झालेला बिघाड तो दोष. एकाच लक्षणामागे अनेक दोष संभवतात. म्हणून लक्षणावरून थेट भाग बदलणे हा केवळ तर्क ठरतो. संभाव्य दोष क्रमाने वगळत एका दोषापर्यंत पोहोचणे, हेच निदान.

साहाय्याच्या ऊर्जेनुसार यंत्रणेचे तीन प्रकार होतात : (१) द्रवचालित, जिचा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो, (२) विद्युत-द्रवचालित, जिचा पंप विजेच्या मोटरवर फिरतो, (३) विद्युतचालित, जिच्यात द्रवच नसतो. पहिला प्रकार १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून प्रवासी मोटारींच्या बाजारात आला. तिसरा १९८८ मध्ये सुझुकी सर्व्होमधून. दुसऱ्या प्रकाराचे निदान उरलेल्या दोहोंच्या नियमांनी होते, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार केलेला नाही.

द्रवचालित यंत्रणेच्या कार्याचे तीन टप्पे आहेत. पंप प्रवाह निर्माण करतो. चालकाच्या बलाने पिनियनवरची पीळदांडी किंचित पिळली जाते आणि तिच्याभोवतीचा व्हॉल्व्ह त्या प्रमाणात प्रवाह अडवून एका बाजूस वळवतो. या अडथळ्यामुळे उत्पन्न झालेला दाब रॅकमधील पिस्टन ढकलतो. दाब पंपात साठवलेला नसतो. प्रवाह अडला की तो निर्माण होतो. म्हणून दाब कमी पडण्याची कारणे दोनच : पुरेसा प्रवाह नसणे किंवा प्रवाहाला पळवाट मिळणे.

लक्षणांचे चार गट करता येतात.

पहिला, जडपणा. तो एकाच बाजूला असेल तर पंप निर्दोष मानावा, कारण दोन्ही बाजूंना तोच पंप दाब पुरवतो. दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा रॅकच्या सीलमध्ये शोधावा. इंजिन मंद असतानाच जडपणा येत असेल तर झिजलेला पंप किंवा घसरणारा बेल्ट संभवतो. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी स्टिअरिंग अडत असेल तर दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट तपासावा.

दुसरा, आवाज. स्टिअरिंग पूर्ण वळवताच येणारी किंचाळी बेल्टची असते. इंजिनच्या गतीबरोबर चढणारी घरघर द्रवाची उणीव, द्रवात शिरलेली हवा किंवा पंपाची झीज दर्शवते. खड्ड्यांतली खटखट टाय रॉड एंडची, बॉल जॉइंटची किंवा रॅकच्या बुशची असते. ती साहाय्यदोषात मोडत नाही.

तिसरा, गळती. टाकीचे जोड, होज पाइपच्या क्लिपा आणि पंपाचे सील डोळ्यांना दिसतात. रॅकची गळती मात्र रबरी बूटमध्ये लपते. बूट बोटांनी दाबून पाहावे. आत ऑइल हलल्याचे जाणवले तर रॅकचे सील गेलेले आहे.

चौथा, वळणानंतर स्टिअरिंग सरळ न येणे. त्याची कारणे बहुधा अलाइनमेंटमध्ये किंवा सांध्यांच्या घर्षणात सापडतात.

परीक्षण बाहेरून आत आणि सुलभाकडून कठीणाकडे जावे.

(१) टायरमधील हवा मोजावी. कमी हवेने निर्दोष यंत्रणाही जड भासते.

(२) टाकीतील द्रवाची पातळी व रूप पाहावे. फेस म्हणजे हवा. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे जीर्ण द्रव.

(३) बेल्टचा ताण व झीज तपासावी.

(४) पुढची चाके जॅकने उचलून स्टँड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवावे. टायरचे घर्षण नसतानाही ते अडखळले तर दोष यांत्रिक आहे.

(५) इथवर दोष न सापडल्यास पंप आणि रॅक यांच्यामध्ये दाबमापक व बंद करता येणारा व्हॉल्व्ह जोडावा. व्हॉल्व्ह मापकाच्या पुढे, रॅकच्या बाजूला असावा. इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह ५ सेकंदांपेक्षा कमी काळ बंद करावा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला दाब मिळाला नाही तर पंप सदोष. तो मिळाला, परंतु व्हॉल्व्ह उघडून स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर मिळाला नाही, तर रॅकमध्ये अंतर्गत गळती आहे. दोन्ही वेळा दाब योग्य असूनही जडपणा राहिला तर यांत्रिक साखळीकडे परतावे. पंप व रॅक दोन्ही एकाच वेळी सदोष असू शकतात. म्हणून पंप बदलल्यावर ही चाचणी पुन्हा घ्यावी.

विद्युतचालित यंत्रणेत पीळ मोजणारा सेन्सर, नियंत्रक आणि मोटर हे तीन घटक असतात. मोटर क्षणभर कित्येक अँपिअर प्रवाह ओढते; म्हणून आरंभ विद्युतपुरवठ्यापासून करावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुधा १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. त्यानंतर अर्थिंग व फ्यूज, आणि शेवटी स्कॅनरवरील कोड. कोड परिपथ सांगतो, भाग नव्हे. सेन्सरचा कोड सैल कनेक्टरमुळेही येतो. अरुंद जागेत वारंवार गाडी वळवल्यावर काही काळ येणारा जडपणा तापलेल्या मोटरच्या संरक्षणासाठी असतो. त्यास दोष समजू नये.

निवारणाचे नियम निदानातूनच निघतात. गळतीचे स्थान न शोधता द्रव भरत राहणे हा उपाय नव्हे. द्रव निर्मात्याने सांगितलेलाच भरावा, कारण विसंगत द्रवाने सील फुगतात किंवा आक्रसतात. द्रव बदलल्यावर चाके उचलून, प्रथम इंजिन बंद ठेवून, टाकीतील पातळी राखत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून हीच क्रिया पुन्हा करावी. टोकाशी स्टिअरिंग दाबून धरू नये, द्रव तापतो. पंप निकामी होऊन धातूचा चुरा पसरला असेल तर नळ्या व टाकी धुतल्याखेरीज नवा पंप बसवू नये. टाय रॉड एंड बदलल्यास अलाइनमेंट आवश्यक आहे.

भाग बसवला म्हणून दुरुस्ती पूर्ण होत नाही. ज्या चाचणीने दोष सिद्ध झाला, त्याच चाचणीने त्याचा अभाव सिद्ध व्हावा लागतो. तो सिद्ध होईपर्यंत वाहन मालकाच्या स्वाधीन करू नये.