‘द सोशल नेटवर्क’ आणि चौल बंदर : संवादातील उत्तरदायित्वाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

चित्रपट हे आधुनिक इतिहासलेखनाचे दुय्यम, परंतु उपेक्षा करता न येणारे साधन होय. डेव्हिड फिंचर दिग्दर्शित ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) या चित्रपटाकडे एका पिढीच्या संवादपद्धतीत घडून आलेल्या स्थित्यंतराचा दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या चित्रपटाने मांडलेला प्रश्न व त्याच्या कक्षेबाहेर राहिलेला प्रश्न यांचा विचार रायगड जिल्ह्यातील चौल या प्राचीन बंदराच्या संदर्भात केला आहे. अमेरिकेतील विद्यापीठाचे वसतिगृह आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत विसावलेले बंदर यांची सांगड प्रथमदर्शनी विजोड वाटेल; तथापि अपरिचितांशी विश्वासाने व्यवहार कसा करावा, हा प्रश्न दोहोंस समान आहे.

चित्रपटातील प्रश्न

बेन मेझरिच यांच्या पुस्तकावर आधारित या चित्रपटाची पटकथा ॲरन सॉर्किन यांची आहे. कथानक २००३ च्या शरद ऋतूत हार्वर्ड विद्यापीठात सुरू होते व फेब्रुवारी २००४ मध्ये फेसबुकचा प्रारंभ होतो. या घटना दोन दाव्यांतील जबान्यांमधून उलगडत जातात. साहजिकच चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न ‘कल्पना कोणाच्या मालकीची?’ हा ठरतो. नायकाला झिडकारणारी तरुणी हे पात्र काल्पनिक असल्याने त्या प्रसंगास पुराव्याचे मूल्य देता येत नाही. मात्र अखेरीस तिच्याकडे मैत्रीची विनंती पाठवून नायक उत्तराची वाट पाहत पडद्यासमोर बसून राहतो. एका पिढीच्या एकाकीपणाची ही नोंद अर्थपूर्ण आहे. असे असले तरी, माध्यम वापरणारा सामान्य समाज या चित्रपटात जवळजवळ अनुपस्थित आहे. त्यामुळे ‘उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न तेथे फारसा उपस्थित होत नाही.

चौलचा अनुभव

हा प्रश्न चौलला नवा नव्हता. अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता. या बंदराचा उल्लेख तो ‘सैमूर’ असा करतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व येथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान येथे राहत, असे तो नोंदवितो. या समाजाच्या प्रमुखास ‘हुनरमान’ म्हणत व त्याच्याकडे समाजातील निवाड्यांचे काम असे. म्हणजेच दूरदेशीच्या माणसाच्या शब्दामागे त्या शब्दाचा जाब विचारता येईल असे एक पद शिलाहारकाळात अस्तित्वात होते.

याचा अर्थ जुना संवाद निर्दोष होता असा नव्हे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला. त्याच्या प्रवासावर ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांनी ‘परदेसी’ (१९५७) हा भारत-सोव्हिएत चित्रपट निर्माण केला. हिंदुस्थानात आपल्या देशात खपणारा माल विपुल मिळेल, असे सहव्यापाऱ्यांनी निकितीनला सांगितले होते. ते खोटे निघाले, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला, तेव्हा एका खोरासानी ओळखीच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. खोटी वार्ताही माणसानेच आणली आणि संकटनिवारणही माणसानेच केले. परंतु दोहोंचे कर्ते निकितीनला ठाऊक होते. शिवाय त्या असत्याची झळ मुख्यतः ते ऐकणाऱ्यालाच पोहोचली.

महाराष्ट्रातील दोन घटना

नव्या माध्यमाने हे समीकरण कसे बदलले, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्याबद्दल पालघर येथे एका तरुणीस व त्या मतास केवळ पसंती दर्शविल्याबद्दल तिच्या मैत्रिणीस अटक झाली. या प्रकरणात लावण्यात आलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. येथे बोलणारी व्यक्ती पूर्णपणे ज्ञात होती. संदिग्ध होता तो कायदा.

दुसरी घटना याच्या नेमकी उलट आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. त्या काळात अशा अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. येथे संदेश परिचिताच्या नावाने हाती येत होता, मात्र मूळ बोलणारा हरवलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारा भटका समाज हा स्वतःच वार्ता व लोककथा वाहून नेणारा दुवा होता. त्याच समाजाला निनावी वार्तेने परके ठरवावे, हे या घटनेतील सर्वांत विदारक सत्य होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, असत्य व अफवा ही नव्या माध्यमाची निर्मिती नव्हे. शब्द आणि शब्दाचा धनी यांची झालेली फारकत हे खरे स्थित्यंतर आहे. पालघरमध्ये शब्दाच्या धन्यास अवाजवी शासन झाले, तर राईनपाड्यात धनी नसलेल्या शब्दाने प्राण घेतले. उत्तरदायित्वाची व्यवस्था शोधताना पहिल्या घटनेचे भय दुसऱ्या घटनेच्या निमित्ताने पुन्हा लादले जाणार नाही, ही दक्षता आवश्यक आहे. ‘द सोशल नेटवर्क’ वर्गात दाखविणाऱ्या अध्यापकाने त्यासोबत श्रेया सिंघल निकाल व चौलच्या हुनरमानाची नोंदही विद्यार्थ्यांसमोर ठेवावी. मालकीच्या प्रश्नाचा निवाडा न्यायालयात होऊ शकतो. शब्दाच्या जबाबदारीचा संस्कार मात्र समाजाला, आणि त्यातही शिक्षणसंस्थांना, स्वतःच घडवावा लागतो.