ब्रिटनचे ‘प्रतिकूल वातावरण’ धोरण आणि जनतेची प्रतिक्रिया

परवान्याविना देशात राहणाऱ्या परदेशी माणसाला घर, नोकरी, बँक खाते, औषधोपचार यांतले काहीच सुखासुखी मिळू द्यायचे नाही, म्हणजे तो आपण होऊन निघून जाईल, या विचारावर ब्रिटनमध्ये २०१२ पासून उभारलेले धोरण. तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी त्या वर्षी मे महिन्यात एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत ते याच नावाने मांडले. पुढील दहा वर्षांत त्याला मिळालेला पाठिंबा आणि झालेला विरोध, दोन्ही मोठे होते. अनेकदा तीच माणसे दोन्ही बाजूंना दिसतात, आणि या प्रकरणातली सर्वांत विचार करण्याजोगी बाब तीच आहे.

हुजूर पक्षाने २०१० च्या निवडणुकीत निव्वळ स्थलांतर वर्षाला लाखाच्या आत आणण्याचे वचन दिले होते. युरोपीय संघातून येणाऱ्यांना अडवणे तेव्हा कायद्याने शक्य नव्हते. त्यामुळे हा आकडा गाठण्याचा सगळा भार इतर देशांतून येणाऱ्यांवर पडला. २०१४ आणि २०१६ च्या स्थलांतर कायद्यांनी धोरणाला दात दिले. घर भाड्याने देण्यापूर्वी भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क तपासणे मालकावर बंधनकारक झाले. ही तपासणी डिसेंबर २०१४ मध्ये वेस्ट मिडलंड्समध्ये आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये लागू झाली. बँकांना खातेदार तपासावे लागले आणि वाहनपरवाने रद्द होऊ शकले. परवान्याविना काम करणे हाच गुन्हा ठरला. २०१४ चे विधेयक कॉमन्स सभागृहात आले तेव्हा मजूर पक्षाने मुख्य विरोधी पक्ष म्हणून त्याची वाट अडवली नाही. जेरेमी कॉर्बिन, डायेन अ‍ॅबट असे मोजकेच खासदार विरोधात उभे राहिले. मतदार कडक बंदोबस्त मागत आहेत, अशी तिन्ही मोठ्या पक्षांची खात्री होती. जनमत चाचण्याही तेच सांगत होत्या. २०१५ आणि २०१६ मध्ये लोकांच्या चिंतांच्या यादीत स्थलांतराचा विषय अनेक महिने सर्वांत वर राहिला.

पहिला जाहीर क्षोभ मात्र कायद्यांच्या आधीच झाला होता. जुलै २०१३ मध्ये गृहखात्याने लंडनच्या सहा बरोंमध्ये मोठे फलक लावलेल्या गाड्या फिरवल्या. बेकायदा राहत असाल तर घरी जा, नाहीतर अटक होईल, असा त्यांवर इशारा होता. शेजारी हातकड्यांचे चित्र, त्या भागात गेल्या आठवड्यात झालेल्या अटकांचा आकडा आणि मोबाइलवरून संदेश पाठवण्यासाठी एक क्रमांक. गाड्या फिरल्या त्या भागांत ब्रेंट, ईलिंग आणि हाउन्स्लोही होते, म्हणजे भारतीय वंशाची कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात ते भाग. ‘घरी जा’ ही हाक १९७० च्या दशकात नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक याच रस्त्यांवर देत असत, आणि ती ऐकलेली माणसे अजून तिथेच राहत होती. आता तीच हाक सरकारी खर्चाने गाडीवर चढलेली पाहून त्यांना काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स ही महिलांची संघटना रस्त्यावर उतरली. लिबर्टी या नागरी हक्क संघटनेने स्वतःची गाडी भाड्याने घेऊन तिच्यावर गृहखात्यालाच उद्देशून उलटा फलक लावला. सरकारातलेच मंत्री व्हिन्स केबल यांनी या मोहिमेवर जाहीर टीका केली. स्थलांतराच्या विरोधावर पक्ष वाढवणारे नायजेल फराज यांनीही ती ओंगळ ठरवली. दिलेल्या क्रमांकावर १,५६१ संदेश आले, त्यांतले १,०३४ लोकांनी खोडसाळपणे पाठवलेले होते. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे २२४ तक्रारी गेल्या. फलकावरचा अटकेचा आकडा दिशाभूल करणारा आहे, असा निकाल तिने दिला, मात्र मजकूर अपमानकारक असल्याची तक्रार मान्य केली नाही. गाड्या पाहून देश सोडणारे किती, तर खात्याच्याच हिशेबाप्रमाणे ११. ऑक्टोबरमध्ये मे यांनी ही कल्पना सोडून दिल्याचे संसदेत सांगितले.

गाड्या थांबल्या, पण तपासण्या वाढत गेल्या. या कडक धोरणाची पहिली झळ बसलेल्यांत परदेशी विद्यार्थी होते. शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरी करण्याची मुभा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली आणि ब्रिटनमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०१५ पर्यंत निम्म्याहून खाली आली. कर्ज काढून जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी इतर देशांकडे मोर्चा वळवला. २०१४ मध्ये इंग्रजीच्या एका परीक्षेत काही केंद्रांवर तोतये बसवल्याचे उघड झाले, तेव्हा सरकारने सरसकट बडगा उगारला. सुमारे ३४ हजार निकाल अवैध ठरवले गेले. त्यांत कॉपी न केलेलेही होते. आपल्याविरुद्धचा पुरावा पाहायला मिळावा एवढी साधी मागणी घेऊन ही मुले वर्षानुवर्षे न्यायालयांत आणि संसदेच्या दारात उभी राहिली. परदेशी मुलांवरच्या अन्यायाने त्या काळात ब्रिटिश जनमत फारसे हलले नाही, हे नोंदवले पाहिजे.

विरोधाची खरी ताकद आली ती कागदपत्रे तपासण्याचे काम अंगावर आलेल्यांकडून. सरकारने हे काम सीमेवरच्या अधिकाऱ्याकडून काढून शिक्षक, डॉक्टर, घरमालक, बँकेतला कारकून यांच्यात वाटून टाकले होते. यांपैकी कुणीही ते मागितलेले नव्हते. घरमालकांचे उदाहरण बोलके आहे. चूक झाली तर एका भाडेकरूमागे तीन हजार पौंडांपर्यंत दंड. मग ज्याच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट नाही, ज्याचे नाव परके वाटते, त्याला घर न देणेच सोपे. जॉइंट कौन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ इमिग्रंट्स या संस्थेने २०१७ मध्ये पाहणी केली, तेव्हा ४२ टक्के घरमालकांनी ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्याला घर देण्याची शक्यता आता कमी झाल्याचे सांगितले. संस्था न्यायालयात गेली आणि घरमालकांची संघटना तिच्या बाजूने उभी राहिली. १ मार्च २०१९ रोजी उच्च न्यायालयाने ही योजना भेदभाव घडवते असा निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. शाळांमध्ये २०१६ च्या शरद ऋतूपासून मुलांचे राष्ट्रीयत्व आणि जन्मदेश विचारला जाऊ लागला. काही शाळांनी गोऱ्या नसलेल्याच मुलांकडे पासपोर्ट मागितले. पालक आणि शिक्षकांनी रकाने कोरे ठेवण्याची मोहीम चालवली आणि दोन वर्षांत सरकारला ही नोंद बंद करावी लागली. रुग्णांचे पत्ते आरोग्यसेवेकडून गृहखात्याला पुरवण्याचा करार २०१७ च्या आरंभी अमलात आला होता. डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते : पकडले जाण्याच्या धास्तीने क्षयाचा रोगी किंवा गरोदर बाई दवाखान्यात आलीच नाही, तर तिला वाचवायचे कसे? मे २०१८ मध्ये हा करारही स्थगित झाला.

तोवर विंडरश प्रकरण पेटले होते. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ ही बोट कॅरिबियन बेटांवरचे प्रवासी घेऊन टिलबरी बंदराला लागली. युद्धानंतर ब्रिटनला कामाचे हात हवे होते आणि त्या वर्षीच्या कायद्याने वसाहतींतले लोक ब्रिटनचे नागरिकच होते. अनेक मुले पुढे आईवडिलांच्या पासपोर्टवर आली. १९७१ च्या कायद्याने १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायम ठेवला, पण त्याचा कागद कुणाला दिला नाही आणि नोंदही ठेवली नाही. बोटीवरून उतरताना भरलेली जुनी कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. नंतर त्याच खात्याने या माणसांकडे वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचा लेखी पुरावा मागितला. पॉलेट विल्सन दहा वर्षांच्या असताना १९६८ मध्ये जमैकाहून आल्या. त्यांनी ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला होता आणि ३४ वर्षे राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांना यार्ल्स वुड स्थानबद्धता केंद्रात डांबले गेले आणि पन्नास वर्षांत एकदाही न पाहिलेल्या देशात धाडण्यासाठी विमानतळाकडे नेले. स्थानिक खासदार आणि एका मदत संस्थेच्या धावपळीने ते विमान टळले. लंडनमध्ये चार दशके राहिलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाला कर्करोगावरील किरणोपचारासाठी ५४ हजार पौंड आधी भरायला सांगितले गेले.

‘गार्डियन’च्या पत्रकार अमेलिया जेंटलमन यांनी या कहाण्या नोव्हेंबर २०१७ पासून एकामागून एक छापल्या. पहिले पाच महिने सरकार हलले नाही. एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची लंडनमध्ये बैठक भरत असताना, कॅरिबियन देशांच्या उच्चायुक्तांनी मागितलेली भेट पंतप्रधान कार्यालयाने आधी नाकारली, मग गदारोळ होताच दिली. १४० हून अधिक खासदारांनी पत्र लिहिले. गयानाहून आलेल्या कुटुंबातले खासदार डेव्हिड लॅमी १६ एप्रिलला कॉमन्स सभागृहात संतापाने बोलले. ते भाषण देशभर पाहिले गेले. एरवी स्थलांतराविरुद्ध आग ओकणाऱ्या ‘डेली मेल’नेही सरकारला धारेवर धरले. आता पंतप्रधान झालेल्या मे यांनी माफी मागितली आणि २९ एप्रिलला गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. हद्दपारीचे उद्दिष्ट ठरलेले नाही, असे त्यांनी संसदीय समितीला सांगितले होते आणि ते खोटे ठरले. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर घालवले असावे, असे सरकारनेच पुढे मान्य केले.

त्याच आठवड्यांतल्या चाचण्यांत विंडरश पिढीविषयी कळवळा दाखवणाऱ्या बहुसंख्य लोकांनी घर, नोकरी, बँक खात्यासाठी कागद तपासण्याला पाठिंबाच दिला. यात ढोंग होते असे मानणे अन्यायाचे होईल. ‘बेकायदा’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे अनोळखी माणूस होता, आणि विंडरशच्या बातम्यांत दिसली ती बसचालक, परिचारिका, स्वयंपाकीण. पण एकच चाळणी दोघांनाही लागते, आणि चाळणारा कागद पाहतो, माणूस नाही. याची जाणीव बहुतेकांना झाली नाही, ही या जनमताची दुखरी जागा आहे.

ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागात मात्र ही जाणीव झाली. १३ मे २०२१ रोजी, ऐन ईदच्या सकाळी, केनम्युअर स्ट्रीटवर गृहखात्याच्या लोकांनी दोन भारतीयांना घरातून उचलून गाडीत बसवले. एक माणूस त्या गाडीखाली जाऊन आडवा झाला आणि सुमारे आठ तास तिथेच राहिला. बातमी मोबाइलवरून पसरली. शेजारीपाजारी, नमाज आटोपून आलेले लोक, विद्यार्थी असे शेकडो जण गाडीभोवती बसले. हे आमचे शेजारी आहेत, यांना सोडा, एवढेच ते म्हणत होते. लोकांनी पाणी आणि खाणे आणून वाटले. संध्याकाळी स्कॉटलंड पोलिसांनी सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण देऊन दोघांना सोडले आणि ते टाळ्यांच्या गजरात गर्दीतून चालत बाहेर आले. ग्लासगोला हे नवे नव्हते : २००५ मध्ये ड्रमचॅपल शाळेतल्या मुलींनी पहाटे पकडून नेलेल्या वर्गमैत्रिणीसाठी रान उठवले होते. २०२२ च्या जूनमध्ये लंडनच्या पेकहॅम भागातही लोकांनी अशीच गाडी अडवून एका माणसाची सुटका करवली.

विंडरश प्रकरणावरचा वेंडी विल्यम्स यांचा चौकशी अहवाल मार्च २०२० मध्ये आला. वंशाच्या प्रश्नाबाबत गृहखात्याचे अज्ञान आणि बेपर्वाई संस्थेत मुरलेली आहे, असे सांगून त्यांनी ३० शिफारशी केल्या. भरपाईची योजना २०१९ मध्ये सुरू झाली होती, पण पुरावे मागणारे खाते तेच राहिल्याने लोकांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. नोव्हेंबर २०२१ पर्यंत २३ जण भरपाई हातात न पडताच मरण पावले होते. पॉलेट विल्सन यांनी जून २०२० मध्ये एक लाख ३० हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन पंतप्रधान निवासात नेऊन दिले. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी जानेवारी २०२३ मध्ये तीन शिफारशी सोडून दिल्या. त्यांतल्या दोन सोडणे बेकायदा होते, असा निकाल जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. २०१४ आणि २०१६ चे कायदे अद्याप रद्द झालेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून घरमालकाचा दंड पहिल्या चुकीसाठी एका राहणाऱ्यामागे दहा हजार पौंडांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास वीस हजारांपर्यंत वाढवण्यात आला आहे.