दोनाचा सदुसष्टावा घात

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करीत जाण्याची कथा सर्वपरिचित आहे. त्या पटाला चौसष्टाऐवजी सदुसष्ट घरे असती, तर दाण्यांची बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ इतकी भरली असती. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला म्हणजे ही एकवीस अंकी संख्या मिळते.

पॅरिसच्या मठात राहणारे मिनिम संघाचे धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ साली ही संख्या मूळ आहे, म्हणजे तिला एक व ती स्वतः यांवाचून भाजक नाही, असे लिहिले. देकार्त आणि फर्मा यांच्याशी ज्यांचा पत्रव्यवहार, त्यांच्या शब्दावर शंका घेणार कोण? वास्तविक एवढ्या मोठ्या संख्येची परीक्षा करण्यास सारा काळही अपुरा पडेल, हे त्यांनीच त्या ग्रंथात मान्य केले होते. घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळच असते असे नाही. अकराव्या घातातून एक वजा केल्यास २,०४७ उरतात, आणि ते २३ व ८९ यांचा गुणाकार होत.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले. नवल असे, की त्याला तिचा एकही भाजक सापडलेला नव्हता! चोरी झाली हे ठरले. चोर मात्र मोकळाच राहिला.

शोध अगदीच आंधळा नव्हता. या संख्येच्या प्रत्येक भाजकाला १३४ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे, आणि ८ ने भागल्यास १ किंवा ७. तरीही लहान भाजकापर्यंत पोहोचण्यापूर्वी सात लाखांहून अधिक संख्या वाटेत उभ्या होत्या. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने ही चाळणी आणखी बारीक केली. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत त्यांनी उत्तर मांडले. ई. टी. बेल यांनी पुढे लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे, कोल एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले. एका बाजूस त्यांनी सदुसष्टावा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे जुळली. या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे कोल यांनी बेल यांना सांगितले होते. गुणाकार मात्र शाळेतील मुलालाही तासाभरात पडताळता येईल.

२५७ पर्यंतच्या सर्व घातांकांची तपासणी १९४७ पर्यंत पूर्ण झाली, तेव्हा मर्सेन यांच्या यादीत पाच चुका आढळल्या. ६७ व २५७ हे घातांक नको असता आले होते. ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. पैकी ६१ चा निर्णय १८८३ साली पेर्वूशिन या रशियन धर्मगुरूने लावला. ६७ हा ६१ बद्दलचा केवळ मुद्रणदोष असावा, असा तर्क काहींनी केला आहे. तो संभवनीय असला, तरी ८९ आणि १०७ कसे सुटले याचा उलगडा त्याने होत नाही.