नावे दगडात, आवाज कुठे?

31 डिसेंबर 1817 ची रात्र. शिरूरच्या छावणीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या वाटेला लागली. देशी पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांच्यावरचे चोवीस युरोपीय गोलंदाज. रात्रभर चालून सकाळी ही माणसे भीमेकाठी कोरेगावला पोचली, तेव्हा समोर पेशव्यांची फौज होती. दिवसभर गावातल्या भिंतींआडून लढाई चालली. नदी डोळ्यांपुढे वाहत होती, पण घसे ओले झाले ते अंधार पडल्यावर.

हा तहानेचा तपशील आपल्यापर्यंत आला तो अधिकाऱ्यांमुळे आणि त्यांच्या आधारे लिहिणाऱ्या इतिहासकारांमुळे. शिपायाची तहान साहेबाच्या लेखणीतून कळते. शिरूर-दौंड भागातल्या एखाद्या माजी सैनिकावर छोटा माहितीपट करायचा झाला, तर पहिली अडचण हीच: इथे सैनिकाच्या खुणा भरपूर आहेत, त्याचे बोलणे मात्र फार थोडे.

कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी 26 मार्च 1821 रोजी झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मजकूर कोरला आहे. पडलेल्यांच्या यादीत 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे आणि तेवढ्यावरून महार शिपाई ओळखता येतात. लढाईत जखमी झालेल्या खंडोजी बिन गजोजी जमादारांकडे 1824 मध्ये या स्तंभाची देखरेख सोपवण्यात आली. ज्याने लढाई पाहिली, तोच तिच्या स्मारकाचा राखणदार! येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी काय काय सांगितले असेल, याचे टिपण मात्र हाती नाही.

घोडनदीकाठच्या शिरूरला आठवणीने वेगळेच रूप घेतले. 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस यांची कबर इथे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनुसार गावकरी त्यांना ‘सत्पुरुष’ मानत आणि सुगीच्या वेळी कबरीपाशी धान्य आणून ठेवत. परमुलखातला साहेब शिरूरचा देव झाला. त्याच्या हाताखालचे शिपाई कुठे पुरले, कुठे जाळले, कोण विचारतो?

शिरूर हे ‘पूना हॉर्स’चेही जुने ठाणे. 1817 मध्ये उभ्या राहिलेल्या या घोडदळाच्या निशाणावर चांदीचा पंजा असतो. तो 1857 मध्ये इराणातल्या खुशाबच्या लढाईत हाती लागला. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पडले, ते याच रेजिमेंटचे.

शिपायाचा स्वतःचा सूर ऐकू येतो तो अर्जांमधून. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर, स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1894 मध्ये सरकारसाठी अर्ज तयार केला. 1910 मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी थेट भारतमंत्र्यांपुढे मांडली. या अर्जांत पूर्वजांचे पराक्रम पुरावा म्हणून येतात: आम्ही लढलो, मग आम्हाला का वगळता? 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

अर्जांच्या कागदापलीकडे पाहावे, तर कॅमेराही मराठी माणसाच्या हाती लवकर आला. सावेदादा भाटवडेकरांनी 1901 मध्ये रँग्लर परांजप्यांचे मुंबईतले स्वागत टिपले, पण ते चित्र मुके होते. कोरेगावला बोलका माहितीपट मिळाला तो 2017 मध्ये, सोमनाथ वाघमारे यांचा. त्याचे लक्ष स्तंभाला अभिवादन करायला जमणाऱ्या माणसांवर आहे.

आता उरतो तो 1965 किंवा 1971 चे युद्ध पाहिलेला, ऐंशीच्या आसपासचा फौजी. लोखंडी ट्रंकेतली पदके तो लगेच काढून दाखवतो. पलटणीचे नाव, हुद्दा, तारखा त्याला पाठ असतात. हजेरी घ्यावी तसा तो बोलतो. त्या कवायतीतून त्याला बाहेर काढायचे तर प्रश्न साधे हवेत. त्या दिवशी प्यायला पाणी मिळाले का? घरून आलेले पत्र कोणी वाचून दाखवले? सुट्टीवर येताना दौंडला गाडीसाठी किती वेळ बसावे लागले? मनमाडकडची लाइन 1878 पासून दौंडला फुटते, त्यामुळे नगरच्या छावणीकडे जाणाऱ्या कित्येकांनी या फलाटावर ट्रंकेला टेकून रात्र काढलेली असते. हे प्रश्न विचारताना घरच्यांना शेजारच्या खोलीत बसवलेले बरे, नाहीतर सून-नातवंडांसमोर म्हातारा पुन्हा हजेरीवर येतो.

आणि अशी माणसे शोधायची, तर नोव्हेंबर बरा. हयातीचा दाखला द्यायला पेन्शनवाले बँकेत येतात, नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसतात, आणि शेजारी फौजीच बसलेला असला की आपोआप बोलू लागतात.