दीड हजार बाइटांची मर्यादा

इथरनेटच्या एका चौकटीत जास्तीत जास्त 1500 बाइट माहिती मावेल, ही मर्यादा डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांच्या 1980 च्या मानकाने रूढ केली. घरगुती नेटवर्कवर आजही तीच चालते. डायल-अपच्या काळात 28.8 किलोबिटच्या मोडेमवरून एवढे पॅकेट जायला सुमारे 0.4 सेकंद लागत, म्हणून जाणकार पॅकेटचा कमाल आकार 576 बाइटांवर आणत. त्याने ऑनलाइन खेळ सुरळीत चाले. पण प्रत्येक पॅकेटचे 40 बाइटांचे शीर्ष अधिक वेळा पाठवावे लागल्याने मोठी फाइल रेंगाळे. पुढे डीएसएलवरील पीपीपीओई या जोडणी-पद्धतीने प्रत्येक चौकटीतले 8 बाइट घेतले, उरले 1492. हा आकडा चुकला आणि वाटेतल्या फायरवॉलने ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोप अडवला, की काही संकेतस्थळे उघडतच नसत. आज राउटरने निवडलेला आकार विनाकारण बदलू नये.