येवल्याच्या मागावर बाहेरचे हात

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याजवळून गेलेली गोदावरी पुढे पैठणला पोचते. पैठणीचे मोठे केंद्र मात्र आज नदीपासून दूर, निफाडला लागून असलेल्या येवल्यात आहे. तरी अस्सल पैठणी पैठणचीच, येवल्याची उसनी, असे काही जाणकार मानतात. उसनेपणा हा दोष आहे, हे मला पटत नाही. नाशिक जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरनुसार येवला वसवताना रघोजी नाईकांनी शामदास वालजी या गुजराती वाण्याला बोलावले आणि त्याने रेशमाचे कारागीर आणले. म्हणजे येवल्याचा रेशीमधंदा सुरू झाला तोच परक्यांच्या हातांनी. पुढे याच मंडळींनी मक्तेदारी धरली; नव्या माणसाला धंद्यात शिरायचे तर पैसे मोजावे लागत. 1864 मध्ये न्यायालयाने ती मोडली, आणि साळी, कोष्टी, खत्री, परदेशी, मुसलमान असे अनेक जण मागावर बसले. येवल्याची पैठणी टिकली ती या मोकळिकीमुळे, असे मला ठामपणे वाटते.

दार उघडले की कस उतरतो, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण पैठणीचा कस विणकराच्या जातीत नाही, विणीत आहे. पदरावरच्या प्रत्येक रंगाच्या बाण्याला वेगळी कांडी लागते. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे, ताण्याचे धागे मोजत मोराची मान वळवायची. त्यामुळे नक्षी उलट-सुलट सारखीच दिसते. जरीच्या भुईवर रेशमाचे मोर, असावली, अजंठ्याचे कमळ मीनाकामासारखे उठतात. दाट पदराला महिनोन्‌महिने जातात. नमुने जुनेच, मग यात निर्मिती कसली, असेही विचारले जाते. इथे नक्षी कापडावर मागाहून चढत नाही, कापडाबरोबरच घडते. कुठला रंग कुठे थांबवायचा, वळण किती धाग्यांत बसवायचे, हे मागावर बसलेल्यालाच ठरवावे लागते. नमुना शतकभर जुना असला तरी ती निवड दर पदराला नव्याने करावी लागते.

खरा धोका यंत्रमागाच्या नकलेचा आहे. तिच्या पाठीवर सुटे धागे लोंबतात, तरी ती पैठणी म्हणूनच खपते. 2010 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने येवला आणि पैठण दोन्ही एकाच नावाखाली आणले, हे योग्यच झाले. मात्र मानांकनाचा कागद वीण तपासत नाही. साडी घेणाऱ्याने पदर उलटून पाहिला, तरच हातमागाचे मोल विणकराच्या पदरात पडेल.